नागपूरच्या टेकडीवर सापडले शंख आणि सुरू झाला दख्खनच्या काळ्या दगडाच्या वयाचा शोध

बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गेलात तर विवराच्या कडा नीट बघा. काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. विदर्भापासून सह्याद्रीपर्यंत हाच दगड पसरलाय.

पण हा लाव्हा कधी बाहेर आला?

आज प्रयोगशाळेत दगडाचं वय मोजता येतं. १९ व्या शतकात ही सोय नव्हती. तेव्हा या प्रश्नाच्या मागे लागला नागपुरातला एक मिशनरी. त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. धर्मप्रचार आणि शाळा चालवणं हे त्यांचं मुख्य काम. उरलेल्या वेळात ते सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत टेकड्या पालथ्या घालायचे.

शंखांनी काय सांगितलं?

उकळत्या लाव्ह्यात सहसा जीवाश्म टिकत नाहीत. पण तेव्हा शहराबाहेर असलेल्या टाकळीच्या परिसरात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ थर होता. त्यात गोगलगायींचे शंख, फळं, बिया आणि कीटकांचे अवशेष मिळाले.

गणित साधं आहे. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा थर जुना, वरचा नवा. मधे गाळ आहे, म्हणजे लाव्हा एका दमात आला नाही. मधे मोठी विश्रांती होती. शंख गोड्या पाण्यातले, म्हणजे तिथं समुद्र नव्हता, तळी होती. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळी गाडली गेली.

आता वय कसं ठरवायचं? वय माहीत असलेल्या इतर ठिकाणच्या थरांमधल्या जीवाश्मांशी तुलना करून. हिस्लॉप यांनी नमुने इंग्लंडमधल्या तज्ज्ञांकडे पाठवले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथं मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं.

१८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८६० च्या निबंधात हिस्लॉप यांनी लाव्ह्यामधले हे थर तृतीयक कालखंडातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे ठरवले.

ते बरोबर होते का?

यावर पुढं अनेक दशकं वाद झाला. विसाव्या शतकात बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तृतीयक कालखंडाचीच बाजू घेतली. आजच्या मोजमापानुसार बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ही वेळ नेमकी दोन कालखंडांच्या सीमेवरची. त्यामुळे गाळाचे काही थर सीमेच्या आधीचे, तर काही नंतरचे निघतात. फक्त शंख आणि पानं हातात असताना हिस्लॉप उत्तराच्या बरेच जवळ पोहोचले होते.

पुढचा वाद बघायला मात्र ते राहिले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय होतं ४५. गोंड समाजाबद्दलच्या त्यांच्या नोंदी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापल्या.

१८८३ मध्ये नागपुरात त्यांच्या नावानं कॉलेज सुरू झालं. हिस्लॉप कॉलेज आजही सगळ्यांना माहितीय. ते नाव ज्यांचं आहे, त्यांनी याच शहराच्या टेकड्यांवर दख्खनच्या दगडाचं वय शोधलं होतं.