बार्शी लाइटचा ठेकेदार ते जहाजांचा मालक: वालचंद हिराचंद

लातूर-नांदेडला समुद्र नाही. पण देशाची जहाजं आपल्याच माणसांनी चालवावीत म्हणून झटलेला माणूस शेजारच्या सोलापूरचा.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घरचा व्यापार सोडून ते ठेकेदारीत पडले. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतले माजी कारकून त्यांचे भागीदार. सुरुवातीचं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेचं. हीच छोटी गाडी पुढे १९११ ला लातूरला आली.

१९१९ मध्ये साथीदारांसह त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं 'लॉयल्टी' जहाज घेतलं आणि सिंधिया कंपनी काढली. ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन. इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून कोंडी केली, पण वालचंद हटले नाहीत.

जहाज पैशानं मिळतं, ते चालवणारा अधिकारी घडवावा लागतो. खडक, गाळ, भरती-ओहोटी ओळखता आली नाही, तर माणसं आणि माल दोन्ही बुडतात. तेव्हा ही कामं बहुतेक इंग्रजांकडंच होती. भारतीयांनी मागणी लावून धरली. मग सरकारनं १९२७ ला मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू केलं. तिथं शिकलेल्या पोरांना सिंधियाच्या जहाजांवर कामाची संधी मिळाली.

१९४१ ला विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. १९४८ ला तिथलं 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९५२ ला त्या कारखान्यात सरकार भागीदार झालं. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिलला, वालचंद गेले.

सरकारनं शिकवलं, उद्योगानं काम दिलं, तेव्हा आपली पोरं जहाजावर अधिकारी झाली.