फुलामुलांच्या कवीचा दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघाले की मराठी माणसाला फुले आणि मुले आठवतात. 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता लिहिणाऱ्या या कवीला श्रीमंतीचा मोह कधी पडला नाही. मात्र त्यांच्या या निरिच्छतेची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे.

१८६१ साली कोकणात चित्पावन घराण्यात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, समाजातले स्थान गेले. पत्नी लक्ष्मीबाईंशी झालेली ताटातूट मिटायलाही काही वर्षे जावी लागली. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात पगार मिळू लागला; पण टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला विन्मुख पाठवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. बालकवी ठोमरे यांनाही याच घराने मायेचा आसरा दिला. उद्याची चिंता करू नये, ही ख्रिस्ताची शिकवण टिळकांनी शब्दशः मानली. उद्याच्या पीठमिठाची चिंता मग लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. तुकोबांच्या अभंगांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. या मातीत ख्रिस्त रुजवायचा, तर पगारी उपदेशकापेक्षा निःसंग साधूच हवा, असे त्यांना वाटे. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे मुक्तद्वार होते. नाव दरबाराचे, पण ना गादी, ना खजिना! जेमतेम दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला होता. पतीमागे त्यांनी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्यात घरातली ओढाताण लपवलेली नाही. ती हसतखेळत सांगितली आहे. पतीच्या उधळ्या औदार्याने त्या कितीदा मेटाकुटीला आल्या असतील! तरीही त्यांच्या लेखणीत कडवटपणा उतरला नाही.

साधेपणाचे गोडवे गाताना आपण देणाऱ्या हाताला नमस्कार करतो. त्यामागे चूल पेटती ठेवणारा हातही असतो. टिळकांच्या दरबारातला खरा खजिना बहुधा तोच होता.