वॉटर्लूचं शेत टेबलावर मांडणारा माणूस : विल्यम सायबोर्न

छोट्या वस्तूत खोट लपत नाही, हे बिदरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बिदरीचा कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर कोरलेल्या बारीक रेषांत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं मिश्रण भांड्याला चोळतो. भांडं काळंभोर होतं, चांदी पांढरी राहते. तार कुठे सरकली असेल, तर तीही तितकीच उठून दिसते.

हाच हट्ट एका इंग्रज अधिकाऱ्याने एका लढाईच्या बाबतीत धरला. त्याचं नाव विल्यम सायबोर्न. टेबलावर लढाई मांडून खेळण्याचा छंद जगभर आहे. आपल्याकडेही मोठ्या शहरांत काही तरुण तो जोपासतात. बोटाच्या पेराएवढे शिपाई विकत घेऊन बारीक ब्रशने रंगवायचे, प्लास्टरच्या टेकड्या आणि भुशाचं गवत करायचं, आणि मग फासे टाकून लढाई लढायची. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात नकाशावर खेळायचा असा युद्धखेळ रूढ झाला. १९१३ साली एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम पुस्तकात छापले आणि तो घरोघरचा खेळ झाला. या छंदातल्या लोकांत एक वाद कायम असतो : शिपायाच्या बाहीचा रंग बरोबर आहे का? टेकडीचा उतार खरा आहे का? एवढं बारीक बघायची गरज आहे का? सायबोर्न स्वतः हा खेळ खेळणारा नव्हता. पण या प्रश्नाचं उत्तर त्याने आपलं अर्धं आयुष्य आणि होता नव्हता तो पैसा घालून दिलं. म्हणून या छंदातली माणसं आजही त्याचं नाव घेतात.

विल्यमचा जन्म १५ ऑक्टोबर १७९७ चा. वडील बेंजामिन हे ब्रिटिश सैन्याच्या नवव्या पायदळ पलटणीत कॅप्टन. मुलगाही सँडहर्स्टला शिकून १८१३ मध्ये त्याच पलटणीत दाखल झाला. आडनाव तेव्हा सायबोर्न असं उच्चारलं तरी शेवटचा 'ई' न लावता लिहीत. तो 'ई' त्याने पुढे १८३४ च्या सुमारास जोडला.

१८ जून १८१५ रोजी, रविवारी, बेल्जियममधल्या वॉटर्लूजवळ ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर यांनी मिळून नेपोलियनचा शेवटचा पराभव केला. सतरा वर्षांचा विल्यम त्या दिवशी रणांगणावर नव्हता. त्याची पलटण नंतर फ्रान्समध्ये तळ ठोकून राहिलेल्या सैन्यात गेली. म्हणजे ज्या लढाईला त्याने पुढचं आयुष्य दिलं, ती त्याने पाहिलीच नव्हती. कदाचित त्यामुळेच तो इतरांना इतकं विचारत राहिला.

लढाई संपल्यावर सैन्यात बढत्या मंदावल्या. विल्यमचं लक्ष जमिनीकडे वळलं. डोंगर, उतार, ओढे कागदावर नेमके कसे दाखवायचे, हा त्याचा आवडीचा विषय. १८२२ आणि १८२७ साली त्याने भूमापन आणि नकाशे काढण्यावर दोन पुस्तकं लिहिली. १८२६ पासून तो डब्लिनमध्ये, आयर्लंडच्या सरसेनापतीच्या कार्यालयात साहाय्यक लष्करी सचिव म्हणून काम करू लागला. कागदपत्रांची नोकरी, फावल्या वेळात नकाशे, घरी बायकोमुलं, असं त्याचं साधं आयुष्य चाललं होतं.

१८३० मध्ये ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती लॉर्ड हिल याने त्याच्यावर एक काम सोपवलं. लंडनमध्ये लष्करी संग्रहालय उभं राहायचं होतं, त्यासाठी वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवायची. दुसरा कुणी असता तर उपलब्ध नकाशे घेऊन, चार कारागीर लावून, वर्षभरात ती उरकून मोकळा झाला असता. सायबोर्न उठला आणि वॉटर्लूला गेला. लढाईत जिथे घनघोर झुंज झाली, त्या ला हे सँत नावाच्या शेतवाडीत तो आठ महिने राहिला. बांध, कुंपण, वाट, खोलगट भाग, सगळं मोजून काढलं. त्यातही एक अडचण होती. डच राजाने तिथे स्मारक म्हणून मातीचा प्रचंड ढिगारा उभारला होता आणि त्यावर सिंहाचा पुतळा बसवला होता. १८२६ मध्ये ते काम पुरं झालं, पण त्यासाठी माती खणली ती रणांगणावरच्याच उंचवट्याची. लढाईतली मोक्याची जमीन स्मारकासाठीच खरवडली गेली होती.

जमीन मोजून झाली. आता त्या जमिनीवर शिपाई कुठे उभे करायचे? सायबोर्नने लढाईतला एकच क्षण निवडला : संध्याकाळी साधारण सातची वेळ, नेपोलियनची राखून ठेवलेली खास फौज, इम्पीरियल गार्ड, ब्रिटिशांच्या फळीवर चढून आली तो क्षण. दिवसभराची लढाई दाखवायची नव्हती, म्हणून चूक झाकायला जागाही नव्हती. सात वाजता प्रत्येक पलटण कुठेतरी एकाच जागी असणार.

हे कुणाला ठाऊक असणार? तिथे होते त्यांना. सायबोर्नने छापील पत्रक काढून वॉटर्लूला लढलेल्या, हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पाठवलं. त्या वेळी तुमची तुकडी कोणत्या रचनेत होती? समोर शत्रू कसा उभा होता? सोबतच्या नकाशावर खूण करून द्याल का? शेतात त्या वेळी पीक कोणतं होतं, हेही त्याने विचारलं. पीक कशाला, असं वाटेल. पण जूनमध्ये माणसाच्या छातीपर्यंत आलेलं राय उभं असेल, तर शिपायाला समोरचं दिसत नाही. तेच तुडवलं गेलं असेल तर दिसतं. प्रतिकृतीत शेताला हिरवा रंग द्यायचा की मळकट पिवळा, हे ठरवायला उत्तर लागत होतं, आणि लढाई कळायलाही तेच उत्तर लागत होतं.

शेकडो उत्तरं आली. काहींनी पानंच्या पानं लिहिली, काहींनी आठवत नाही म्हणून कळवलं. एकाच क्षणाबद्दल शेजारशेजारच्या दोन पलटणींचे अधिकारी वेगवेगळं सांगत होते. प्रत्येकाला वाटत होतं की गार्डला आपणच परतवलं. सायबोर्न पत्रं ताडून पाहायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा विचारायचा. प्रत्यक्ष लढलेल्यांच्या आठवणी अशा पद्धतशीरपणे गोळा करून लढाईचा इतिहास लिहिण्याचा हा फार जुना आणि मोठा प्रयत्न आहे.

मध्येच सरकार बदललं होतं. १८३३ मध्ये नव्या सरकारने पैसे देणं थांबवलं. इथे काम सोडलं असतं तर कुणी बोल लावला नसता. त्याने नोकरी सांभाळून, स्वतःचे आणि उसने पैसे घालून काम चालू ठेवलं. एकूण खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. साहाय्यक सचिवाच्या पगारातून फिटण्यासारखी ती रक्कम नव्हतीच.

१८३८ मध्ये प्रतिकृती तयार झाली. एका मैलाला नऊ फूट हे प्रमाण, एकूण पसारा सुमारे चारशे चौरस फूट, म्हणजे आपल्याकडची वन रूम किचनची जागा. त्यावर टेकड्या, शेतं, वाड्या, रस्ते, आणि कथिल-शिशाचे सत्तर हजारांहून अधिक शिपाई, प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर उंच. त्याच प्रमाणाने माणूस करायचा म्हटलं तर तो तीन मिलिमीटरचा होईल. मग ना गणवेश दिसणार, ना फळी. म्हणून शिपाई जमिनीच्या मानाने मोठे ठेवावे लागले. प्रमाण कुठे पाळायचं आणि डोळ्यासाठी कुठे सोडायचं, हा हिशोब आजही प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला करावा लागतो.

लंडनच्या पिकॅडिलीमधल्या इजिप्शियन हॉलमध्ये ती मांडली गेली. एक शिलिंग तिकीट. सुमारे एक लाख माणसं पाहून गेली. पण पैसा सायबोर्नच्या हाती लागला नाही. प्रदर्शनाच्या खर्चात आणि व्यवहारात तो विरून गेला, कर्ज तसंच राहिलं.

त्याहून मोठं संकट दुसरंच होतं. प्रतिकृती जवळून पाहणाऱ्याला दिसत होतं की संध्याकाळी सात वाजता रणांगणाच्या एका अंगाला प्रशियाचं सैन्य मोठ्या संख्येने पोचलेलं आहे. सायबोर्नने प्रशियाच्या बाजूनेही माहिती मिळवली होती, आणि तिच्यावरूनच शिपाई मांडले होते. पण वेलिंग्टनच्या गोटाला ते खटकलं. इतके प्रशियन तिथे तेव्हा असतील, तर विजयातला त्यांचा वाटाही तेवढाच मोठा ठरतो. आणि वॉटर्लू हा वेलिंग्टनचा विजय, हे इंग्लंडमध्ये गृहीतच होतं.

हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या दख्खनला चांगला ओळखीचा आर्थर वेल्स्ली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. असईची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. केळणा नदीला इथे उतार नाही असं वाटाडे सांगत होते. वेल्स्लीने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत. गावं अशी असतील तर लोक ये-जा करत असणार, म्हणजे उतार असलाच पाहिजे. त्याने सैन्य तिथूनच पार नेलं. जमीन वाचून लढाई जिंकलेला हा माणूस. त्याला प्रतिकृतीतली जमीन खटकली नाही, जमिनीवर उभे केलेले मित्रसैन्याचे शिपाई खटकले.

सायबोर्न सैन्यातला साधा अधिकारी होता आणि कर्जात बुडालेला होता. त्याची नोकरी, बढती, मदतीची आशा, सगळं वरच्यांच्या हाती होतं. शेवटी त्याने हजारो प्रशियन शिपाई प्रतिकृतीवरून उचलले, आणि आपली चूक झाली होती असं जाहीरही केलं. त्याला खरंच ते पटलं होतं, की तो दबावाखाली नमला, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. पिकाचा रंग चुकू नये म्हणून पत्रं लिहिणाऱ्या माणसाने एवढी माणसं उचलून बाजूला ठेवली, हे वाचताना वाईट वाटतं. पण त्याच्या जागी आपण काय केलं असतं, हे छातीठोकपणे कोण सांगेल?

तो थांबला मात्र नाही. त्याने दुसरी प्रतिकृती केली, रणांगणाच्या छोट्या भागाची, दुपारी दोनच्या सुमाराला झालेल्या ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याची. तिचं प्रमाण मोठं, म्हणून शिपाईही मोठे आणि जास्त बारकाईने केलेले. १८४४ मध्ये, जमवलेल्या पत्रांच्या आधारे, १८१५ च्या युद्धाचा दोन खंडी इतिहास प्रसिद्ध झाला. त्याआधी थोडं, १८४३ मध्ये, लंडनच्या चेल्सी भागात सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेत त्याला सचिवाची जागा मिळाली होती. ९ जानेवारी १८४९ रोजी तो वारला. वय एक्कावन्न. मोठी प्रतिकृती त्याच्या हयातीत विकली गेली नाही. त्याच्या मृत्यूनंतर ती लष्करी संग्रहालयात गेली. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, आणि दुसरी रॉयल आर्मरीजच्या संग्रहात.

प्रतिकृतीवरचे शिपाई उचलता आले, पत्रं मात्र त्याने जपून ठेवली होती. मुलगा हर्बर्ट, तोही सैन्यातला अधिकारी, याने १८९१ मध्ये त्यांतली निवडक पत्रं छापली. बाकीच्यांतली बरीच पुढे अभ्यासकांनी प्रसिद्ध केली. सायबोर्नने कुठे काय बदललं, हे आज आपल्याला कळतं ते त्याच्याच पत्रव्यवहारातून. बारीक प्रश्न विचारायची त्याची सवय त्याच्या माघारीही उपयोगी पडली.

आपल्या या सीमाभागात लढायांना तोटा नाही. बिदरच्या शेजारी उदगीरला १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. कोणती तुकडी कुठे होती, शेतात काय उभं होतं, हे तिथल्या शिपायांना कुणी पत्र पाठवून विचारलं नाही, आणि आता विचारता येणारही नाही. पण सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा बिदर आणि कलबुर्गीच्या गावागावांत काय घडलं, हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून काही घरांत आहेत. नव्वदीच्या आसपासची. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कुणाच्या तरी आजी असतील, पणजोबा असतील.

त्यांना मोठे प्रश्न विचारले तर मोठी, ऐकीव उत्तरं मिळतात. सायबोर्नसारखे लहान प्रश्न विचारून पाहावेत. घरातून निघालात तेव्हा कोणत्या वाटेने गेलात? सोबत कोण होतं? रात्री कुणाच्या वाड्यात थांबलात? रानात ज्वारी केवढी झाली होती? सांगतील ते तारखेसह लिहून ठेवावं, दोघांचं जुळलं नाही तर दोघांचंही ठेवावं. कुणाला आवडणार नाही म्हणून त्यातलं एकही माणूस उचलून बाजूला ठेवू नये.