सिंहासनावरील कातारी

रशियाचा सम्राट पीटर याचे नाव आरमार, युद्धे आणि सेंट पीटर्सबर्ग नगरीची स्थापना यांमुळे इतिहासात गाजले आहे. परंतु विश्वकर्म्याचे स्मरण करून हत्यार उचलणाऱ्या आपल्या घरांना त्याचा परिचय व्हावयास हवा तो निराळ्या कारणास्तव. हा राजा निव्वळ हौसेने कातारी झाला होता.

सन १६७२ मध्ये मॉस्को येथे त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षी त्यास गादी मिळाली. सत्ता मात्र काही वर्षे सावत्र बहीण सोफिया हिच्या हाती होती. सन १६९७ मध्ये तो नाव बदलून पश्चिम युरोपात गेला आणि अ‍ॅमस्टरडॅमला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत सुमारे चार महिने सुतारकाम शिकला. पुढील वर्षी लंडननजीक डेप्टफर्ड येथे त्याने जहाजबांधणीचा अभ्यास केला.

लेथने मात्र त्यास जन्मभर वेड लावले. राजवाड्यातच त्याने कातकामाची शाळा थाटली. लेथवर जिन्नस फिरतो व हत्यार त्यास तासते, एवढेच सांगणे सोपे. पण त्या काळी पाते हातात धरून, टेकूवर टेकवून, दाब देऊन चालवावे लागे. लाकूड व हस्तिदंत एक वेळ ऐकत; धातू ऐकत नसे. मनगट किंचित हलले की काम बिघडले, हे लेथवर उभ्या राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको.

सन १७१२ मध्ये मॉस्कोच्या नौकानयन विद्यालयातील आंद्रेई नार्तोव्ह या सामान्य कुळातील तरुण कारागिरास पीटरने आपल्याजवळ आणले. राजाला कातकामात मार्गदर्शन करणारा हा त्याचाच एक प्रजाजन! नार्तोव्हने पाते हातातून काढून यांत्रिक धारकात बसविले. एक बोथट टोक नमुन्याच्या उठावावरून सरके आणि पाते तीच हालचाल नव्या जिनसावर उमटवी. सन १७१८ मध्ये राजाने त्यास बर्लिन, लंडन व पॅरिस येथे धाडले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम यानेही त्याच्याकडून कातकामाचे धडे घेतले. पॅरिसला भेट गेलेला त्याचा लेथ तेथील संग्रहालयात जपलेला आहे. नार्तोव्हच्या नावावर असलेल्या आठवणींत अशी एक हकीकत आहे की, मेन्शिकोव्हसारख्या बलाढ्य सरदारासही त्याने कातशाळेच्या दारात अडविले आणि राजाने कारागिराचीच बाजू घेतली.

तथापि पीटरचे केवळ गुणगान करणे न्याय्य होणार नाही. ज्या राजाने स्वतः घाम गाळला, त्यानेच दलदलीत नगर उभारताना हजारो वेठबिगारांचे प्राण जाऊ दिले. त्याचा पुत्र अलेक्सेई सन १७१८ मध्ये, छळ सोसून, कैदेतच मरण पावला. श्रमाची गोडी आणि श्रमिकाविषयीची दया या दोन गोष्टी एकाच मनात नांदतातच असे नाही.

सन १७२५ मध्ये पीटर निवर्तला आणि नार्तोव्हचा राजाश्रय सुटला. त्याने टांकसाळीत काम केले, अकादमीच्या यंत्रशाळा सांभाळल्या, यंत्रांच्या रेखाचित्रांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. सन १७५६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज होते. सरकत्या पातेधारकाचे श्रेय पुढे बहुतेकांनी इंग्लंडच्या हेन्री मॉडस्ले यास दिले. नार्तोव्हची कबरही विस्मृतीत गेली होती. ती सन १९५० मध्ये सापडली.