जमिनीखालची शिल्लक

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स लिव्हरपूलच्या लोखंड-व्यापाऱ्याचे चिरंजीव. १८४८ साली वडिलांची पेढी बुडाली. पुढे हे सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावू लागले. १८६५ मध्ये, तिशीच्या आतच, त्यांनी ब्रिटनच्या कोळशाचा हिशेब मांडला. भूगर्भशास्त्रज्ञ एडवर्ड हल यांनी ४,००० फूट खोलीपर्यंतचे थर जमेस धरून सुमारे ८,००० कोटी टनांचा अंदाज दिला होता. जेव्हन्स यांनी खपाला दरसाल साडेतीन टक्क्यांची चक्रवाढ लावली (आम्हा बँकवाल्यांना हिची भूक ठाऊक!) आणि शतकभरात साठा अपुरा पडला. ग्लॅडस्टन यांनीही दखल घेतली. १८६६ मध्ये आयोग बसला. पेट्रोलियम मात्र जेव्हन्स यांनी किरकोळीत काढले होते. १८८२ साली, अवघ्या ४६ व्या वर्षी, ते समुद्रात बुडाले. ब्रिटनची शेवटची खोल खाण २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा खाली कोळसा होताच.