क्रांतिवीर पांडुरंग खानखोजे

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील वर्धा या गावी १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला.

शस्त्र हाती घेतल्यावाचून परकीय सत्ता जाणार नाही, असे त्यांच्या मनाने लहानपणीच घेतले होते. लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने ते सैनिकी शिक्षणासाठी देशाबाहेर पडले. जपानमार्गे ते अमेरिकेत गेले व मिळेल ते काम करून तेथील एका सैनिकी विद्यालयात शिकले. त्याचबरोबर त्यांनी शेतकीचाही अभ्यास केला. एका हाताला बंदूक आणि दुसऱ्या हाताला नांगर, अशी ही जोडी विलक्षणच म्हणावी लागेल! १९१३ साली अमेरिकेतील भारतीयांनी गदर पक्ष स्थापन केला. त्याच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांत खानखोजे होते. पहिले महायुद्ध पेटताच ते इराणात गेले व इंग्रज फौजांशी लढले. त्या लढ्यात ते जखमी झाले, पकडले गेले, पण कैदेतून निसटले. युद्ध संपले, मात्र इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशाची वाट बंद झाली.

अशा स्थितीत १९२४ साली त्यांनी मेक्सिको गाठले. तो देश नुकताच मोठ्या क्रांतीतून बाहेर पडला होता. तेथील जमिनी मूठभर जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि कसणारा उपाशी राहत होता. त्या जमिनी शेतकऱ्यांस परत मिळाव्यात म्हणून १९१० पासून लढलेला सेनानी एमिलियानो झापाता १९१९ साली दगाफटक्याने मारला गेला होता. जमीन हाती आली, तरी ती पिकविण्याचे ज्ञान हवे. ते देण्याचे काम या परदेशी सैनिकाने अंगावर घेतले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यांतील एकीला झापाताचेच नाव होते.

आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तशी मेक्सिकोत मक्याची. म्हणून खानखोजे यांनी मक्यावर विशेष परिश्रम घेतले. रानटी वाणाशी संकर करून एकाच ताटाला अनेक कणसे धरणारा मका त्यांनी तयार केला. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र रंगविले आहे. त्यात भोवती जमलेल्या माणसांसमवेत भाकरी मोडून वाटणारा पुरुष दिसतो, तो खानखोजेच होत.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. तरीही आपल्याच देशात येण्याची त्यांची विनंती प्रथम नाकारली गेली, कारण इंग्रजांची ती जुनी यादी अद्याप दप्तरात होती! अखेर परवानगी मिळाली आणि ते नागपुरात स्थायिक झाले. तेथेच १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. २०२२ साली चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.