परदेशात राहून मायबोली जगवणारा संपादक : फाइक कोनित्सा

स्वतःच्या भाषेत शाळा काढायला बंदी, पुस्तक छापायलाही बंदी. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या अल्बेनियाची ही गत होती. सत्ता तुर्की सुलतानाची होती.

फाइक कोनित्सा यांचा जन्म १८७५ चा. त्यांचं कोनित्सा गाव आज ग्रीसमध्ये आहे. इस्तंबूल आणि फ्रान्समध्ये शिकून ते बेल्जियमला गेले. तिथं ब्रुसेल्समध्ये १८९७ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘अल्बेनिया’ नावाचं मासिक काढलं. पैशांची कायम ओढाताण. टोपणनावं घेऊन कितीतरी मजकूर ते स्वतःच लिहायचे. अल्बेनियात उत्तरेची बोली वेगळी, दक्षिणेची वेगळी. लिहिण्याची भाषा मात्र सगळ्यांची एकच हवी, हा त्यांचा आग्रह. आपल्याच माणसांच्या चुकांवरही ते सडकून लिहीत. हे मासिक १९०९ पर्यंत चाललं.

मग ते अमेरिकेत गेले. बोस्टनमध्ये ‘दिएली’ म्हणजे ‘सूर्य’ या वृत्तपत्राचे संपादक झाले. १९१२ साली अल्बेनिया स्वतंत्र झाला. १९२६ पासून कोनित्सा वॉशिंग्टनमध्ये देशाचे राजदूत होते. राजा झोगू त्यांना मनातून पटत नसे, तरी देशाचं काम त्यांनी सोडलं नाही.

एप्रिल १९३९ मध्ये इटलीनं अल्बेनिया गिळला. डिसेंबर १९४२ मध्ये कोनित्सा वॉशिंग्टनला वारले. देश परक्यांच्या ताब्यात, म्हणून दफन बोस्टनलाच झालं. पुढं कम्युनिस्ट राजवट आली. ती गेल्यावर, पन्नासहून अधिक वर्षांनी, त्यांच्या अस्थी राजधानी तिरानाला पोचल्या. ज्या मातीसाठी आयुष्यभर लिहिलं, ती माती अखेर मिळाली.